छावणीतली नोंदवही कोणाच्या हाती?

१९७२च्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतला एक साथरोगतज्ज्ञ टीव्हीवर बातम्या पाहत होता. पडद्यावर कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेक छावणीतले पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित दिसत होते. त्यातल्या काहींच्या अंगावरचे फोड पाहून तो सावध झाला. या तर देवी! फोनाफोनी झाली, तपासायला माणसं गेली आणि छावणीत खरोखरच देवीची साथ निघाली. तोवर तिथे या रुग्णांची नोंद कांजिण्या म्हणून होत होती. लाखो माणसांच्या छावणीत जे कोणाच्या नजरेत आलं नाही, ते सातासमुद्रापलीकडच्या एका प्रेक्षकाच्या नजरेत आलं.

तोवर व्हायचा तो उशीर झाला होता. १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली होती आणि लोक मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायीच, घराकडे निघाले होते. ज्या मुलखात ते परतत होते तिथे ऑगस्ट १९७०नंतर देवीचा फैलाव थांबलेला होता. छावणीतून देवी त्यांच्याबरोबर घरी गेल्या. नव्या बांगलादेशात पुढची जवळपास चार वर्षं ही साथ धुमसत राहिली, हजारो माणसं तिच्यात सापडली. देवीच्या घातक प्रकाराची नैसर्गिक लागण झालेला जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७५मध्ये सापडला तोही तिथेच, भोला बेटावर. ती एक लहानगी मुलगी होती आणि ती वाचली.

निर्वासितांचा विषय निघाला की ‘हे लोक रोगराई घेऊन येतात’ हे वाक्य ठरलेलं असतं. सॉल्ट लेकमध्ये उलट घडलं. ती माणसं देवीमुक्त मुलखातून आली, देवी त्यांना आपल्याकडे लागल्या आणि त्या घेऊन ती परत गेली. यात कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा हेतू नाही. नऊ महिन्यांत एक कोटीच्या घरात माणसं आली, त्यांना भारताने पोसलं. एवढं ओझं कोणत्याही श्रीमंत देशाने पेललं नसतं. पण साथीवर पाळत ठेवण्याचं काम तिथे का फसलं, याचं उत्तर ‘डॉक्टर चुकले’ एवढ्यावर संपत नाही.

१९७१मध्येच, त्याच सरहद्दीवर, बनगावच्या रुग्णालयात उलटं चित्र होतं. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, रुग्ण जमिनीवर ओळीने पडलेले, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली, त्यांना तोट्या बसवल्या आणि रुग्णांच्या आई-बापांना, भावंडांना सांगितलं, पेल्याने पाजत राहा. प्रशिक्षित हात कमी होते म्हणून नातेवाईकच परिचारक झाले. इतर छावण्यांत पटकीच्या शंभर रुग्णांमागे तीसपर्यंत दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. ही पद्धत तेव्हा वैद्यकशास्त्राच्या पुढाऱ्यांना मान्य नव्हती. त्यांनाही ती पटली, कारण महालनबीसांच्या चमूने किती आले, किती वाचले, किती गेले याची नोंद ठेवली होती. आणि ती नोंद ठेवता आली, कारण माणसं तिथे स्वतःहून येत होती. तिथे गेलं की जीव वाचतो, ही बातमी पसरायला कोणत्याही जाहिरातीची गरज पडली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. छावणीतली रोगपाळत ही आकडे, फोन, ॲप, प्रयोगशाळा यांच्याआधी रुग्णाच्या निर्णयावर चालते. ताप आलेल्या मुलाला घेऊन आई दवाखान्याच्या रांगेत उभी राहते की घरातच दुखणं अंगावर काढू देते, यावर साथ पहिल्या आठवड्यात कळणार की सहाव्या, हे ठरतं. आणि तिचा निर्णय दोन गोष्टींवर ठरतो. तिथे औषध मिळणार का? तिथे लिहिलेलं नाव पोलिसांकडे, पाठवणी करणाऱ्यांकडे जाणार का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ठाम ‘नाही’ असेल तरच पाळत होते. नाहीतर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

मराठी माणसाला हे कोणी बाहेरून शिकवायला नको. १८९७च्या फेब्रुवारीत प्लेगसाठी साथरोग कायदा आला आणि पाठोपाठ पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांची झडतीपथकं घरात घुसू लागली. देवघरापासून माजघरापर्यंत तपासणी, संशय आला की रुग्ण एका इस्पितळात आणि घरचे विलगीकरणाच्या छावणीत. तांत्रिकदृष्ट्या ती कडक रोगपाळतच होती. प्रत्येक घर, प्रत्येक माणूस तपासायचा. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले, मेलेल्याची वाच्यता करेनासे झाले, गाव सोडून गेले आणि जाताना साथ बरोबर नेली. २२ जूनला गणेशखिंडीत काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्याच वर्षी पुण्याजवळ यशवंतराव फुल्यांचा दवाखानाही चालू होता. तिथे सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणून पोहोचवत होत्या. अशाच एका प्लेग झालेल्या मुलाला आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच रोगाचे रुग्ण एका यंत्रणेपासून दडवले जात होते आणि दुसरीकडे आणले जात होते.

आता कॉक्स बाजारकडे येऊ, कारण यशही तिथेच आहे आणि अपयशही. २५ ऑगस्ट २०१७नंतर काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारच्या राखाइनमधून नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आले. कुतुपालाँग आणि बालुखालीच्या टेकड्यांवरची झाडी तोडून बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. छावणीत माणशी ४५ चौरस मीटर जागा असावी असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. इथे त्याच्या निम्मीही नव्हती. हातपंपाला खेटून संडास आणि संडासाला खेटून चूल. एवढं असूनही पटकीची मोठी साथ उसळली नाही, कारण ऑक्टोबरमध्येच तोंडावाटे द्यायच्या लशीचे नऊ लाख डोस मागवून मोहीम सुरू झाली होती. साथ येण्याआधी लस, हे वरातीमागून घोडं हाकणाऱ्या आपल्या आरोग्यव्यवस्थांनी टिपून ठेवण्यासारखं आहे.

नोव्हेंबरमध्ये मात्र वेगळंच निघालं. घसा सुजलेली, मान फुगलेली, श्वास घ्यायला धडपडणारी मुलं येऊ लागली. घशात राखाडी पडदा होता. घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया. आजच्या तरुण डॉक्टरांपैकी बहुतेकांनी तो पुस्तकातच पाहिलेला. राखाइनमध्ये रोहिंग्यांपर्यंत नियमित लसीकरण पोहोचतच नव्हतं, त्याची ही वसुली होती. पुढे संशयित रुग्णांचा आकडा सात हजारांच्या वर गेला.

इथे पाळत कशी चालली ते जवळून पाहण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची एक ‘पेटीबंद’ यंत्रणा आहे. एका पेटीत ६० मोबाइल, लॅपटॉप, एक स्थानिक सर्व्हर आणि सौरऊर्जेचे चार्जर. सुमारे १५ हजार डॉलरच्या या पेटीवर ५० दवाखाने, म्हणजे साधारण पाच लाख लोकवस्तीची नोंद चालते. दवाखान्यातला माणूस ओपीडीच्या वहीतून आठवड्याचा हिशोब काढतो. पाण्यासारखे जुलाब किती, गोवराचा संशय किती, पाच वर्षांखालचे किती, वरचे किती. काही आजारांसाठी आठवडा थांबायचं नसतं. एक जरी संशयित सापडला तरी लगेच कळवायचं. घटसर्पाचा एक रुग्ण कळला की पथक त्याच्या झोपडीकडे निघायचं, घरातल्या सगळ्यांना प्रतिजैविक आणि लस द्यायचं, पुढचे काही दिवस घसे तपासायचं. वाट दाखवायला वस्तीचा ‘माझी’, म्हणजे म्होरक्या, आणि घरोघर फिरणारे रोहिंग्या स्वयंसेवक असत. नाव-पत्ता घेतला जाई तो लगेच औषधासाठी वापरला जाई, हे घरच्यांना डोळ्यांनी दिसत होतं. म्हणून दार उघडलं जात होतं.

२०२०मध्ये त्याच छावण्यांत करोना आला आणि तीच दारं बंद झाली. पॉझिटिव्ह आलेल्याला मारून टाकतात, नाहीतर दूर समुद्रातल्या भाशानचर बेटावर नेऊन टाकतात, अशी बोलवा होती. ताप-खोकल्याचे रुग्ण दवाखान्यात यायचे कमी झाले. ‘अफवा, अज्ञान, जनजागृती हवी’ असं म्हणून हात झटकणं सोपं होतं आणि तसं झालंही. पण अफवेला आधार होता. त्या मे महिन्यात समुद्रात अडकलेल्या सुमारे तीनशे रोहिंग्यांना वाचवून भाशानचरला नेलं गेलं, कारण दिलं विलगीकरणाचं. विलगीकरणाची मुदत संपली तरी ते छावणीत, आपल्या माणसांत परतले नाहीत. बेट वस्तीला योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. विलगीकरण या वैद्यकीय उपायाचा उपयोग माणसं हलवायला झाला, हे छावणीने पाहिलं होतं. त्यात सप्टेंबर २०१९पासून जवळपास वर्षभर छावण्यांतलं इंटरनेट दडपलेलं. ज्याला खरी बातमी मिळत नाही तो ऐकलेल्यावर विश्वास ठेवतो, यात अडाणीपणा कसला?

पुढच्या वर्षी ह्यूमन राइट्स वॉचने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. मदत मिळवण्यासाठीच्या नोंदणीत रोहिंग्यांनी दिलेली माहिती बांगलादेशाने परत पाठवणीच्या पडताळणीसाठी म्यानमार सरकारला दिली, त्यात निदान ८ लाख ३० हजार नावं होती. ज्या राजवटीपासून पळून आले, तिच्याच टेबलावर यादी! संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने आपण लोकांना नीट समजावून संमती घेतल्याचं सांगितलं. ह्यूमन राइट्स वॉचशी बोललेल्या अनेकांना मात्र तसं काही आठवत नव्हतं. ही आरोग्याची यादी नव्हती, हे खरं. पण ज्याचा अंगठा एका टेबलावर घेतला जातो त्याला दुसऱ्या टेबलावरची वही वेगळ्या खात्याची आहे, हे का पटावं?

याच छावण्यांचा आणखी एक धडा आहे, तो ओझरता सांगतो. पाळतीची यादी साथीसाठी बनते, म्हणजे जे झपाट्याने पसरतं आणि पलीकडच्यालाही लागू शकतं त्यासाठी. खरूज त्यात बसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं बोकाळली आणि २०२३च्या पाहणीत दर दहांत चार जणांना निघाली. त्याच वर्षीच्या एका सर्वेक्षणात पाचांत एका प्रौढाला सक्रिय हिपॅटायटिस सी आढळला. यादीला निर्वासिताच्या यकृताची फिकीर नसेल, फक्त त्याचा संसर्ग कुंपणाबाहेर जाऊ नये एवढीच असेल, तर ते निर्वासितालाही कळतं.

थायलंड-म्यानमार सरहद्दीवर १९८४पासून म्यानमारमधून पळून आलेल्या, मुख्यतः करेन लोकांच्या ‘तात्पुरत्या’ छावण्या आहेत. आज त्या नऊ आहेत, सगळ्यात मोठी ताक प्रांतातली मे ला. या टापूत हिवतापाची औषधं एकामागून एक निकामी होत गेली. ते कळलं १९८६मध्ये शोक्लो छावणीत सुरू झालेल्या संशोधन केंद्रामुळे. औषध दिल्यावर रुग्णाला आठवड्या-आठवड्याने परत बोलवायचं, बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, जंतू परतले का पाहायचं. पळून आलेली, पोटाच्या मागे लागलेली माणसं इतक्या वेळा परत का आली असतील? कारण तोच दवाखाना गरोदर बायांची तपासणी करत होता, बाळंतपणं करत होता, उपचार पैसे न घेता देत होता. १९९४मध्ये तिथे मेफ्लोक्विन आणि आर्टेसुनेट ही जोडी सुरू झाली. आर्टेमिसिनिनच्या जोडऔषधांनी आज जगभर हिवतापाचा उपचार होतो, आपल्या गडचिरोलीतही. त्यामागे त्या करेन निर्वासितांचं रक्त आहे, शब्दशः. जगाने निर्वासितांचे पांग फेडायचे ठरवले तर हिशोब बराच निघेल.

आणि जगाने काय केलं? जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने गोठवली. या छावण्यांपैकी सात ठिकाणचे दवाखाने ज्या संस्थेकडे होते तिला ते बंद करावे लागले. ऑक्सिजनवरचे रुग्ण घरी पाठवले गेले. थाई जिल्हा रुग्णालयांनी धावपळ करून काही भार उचलला. जे चाळीस वर्षं चाललं ते चाळीस वर्षं कोणत्या ना कोणत्या प्रकल्पाच्या पैशावर चाललं होतं. म्हणून मला ‘आणीबाणीच्या काळातली रोगपाळत’ ही कल्पनाच घातक वाटते. छावणी एका पिढीचं आयुष्य खाते. तिथली वही त्या जिल्ह्याच्या कायम आरोग्यव्यवस्थेत, कायम पगारावरच्या माणसाकडे हवी.

आता आपल्या दाराशी. फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून तीस हजारांहून जास्त चिन जमातीचे लोक तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये आले. चंफाई जिल्ह्यातल्या झोखावथारसारख्या गावांनी, चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनने त्यांना घरात घेतलं. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा कायदाही नाही. केंद्राने त्यांची बायोमेट्रिक नोंद घ्यायला सांगितली, मिझोरामने २०२३मध्ये नकार दिला आणि २०२५मध्ये ती नोंद सुरू केली. सरहद्द ओलांडून कोण आलं हे राज्याला माहीत असायला हवं, हा आग्रह मला अवास्तव वाटत नाही. कोणतंही सरकार तो धरेल. माझा आक्षेप ही नोंद आणि दवाखान्याची नोंद, या दोन वह्या एक होण्याला आहे. मार्च २०२१मध्ये जम्मूत रोहिंग्यांना पडताळणीसाठी बोलावलं आणि दीडशेहून अधिक जणांना हिरानगरच्या केंद्रात डांबलं. त्यानंतर तिथल्या वस्तीत कोणी ‘तपासणी शिबिर आहे, या’ म्हणालं, तर किती जण येतील?

हा प्रश्न ईशान्येपुरता नाही. २०२५च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडून बांगलादेशात ढकललेल्या बंगालीभाषक मजुरांपैकी काही जण भारतीय नागरिक निघाले, त्यांना परत आणावं लागलं. मुंबईतल्या झोपडपट्टीत हिवताप-डेंग्यूसाठी दारोदार फिरणारी आरोग्यसेविका नाव विचारते तेव्हा हे सगळं त्या दारामागे बसलेलं असतं. क्षयरोगाचा उपचार तर महिनोन्‌महिने चालतो. घाबरलेला माणूस तो अर्धवट सोडतो, आणि अर्धवट सोडलेल्या क्षयाचं औषध पुढे सगळ्यांनाच महाग पडतं, कागदपत्रं पक्की असलेल्यांनाही.

गंमत अशी की साथ ओळखायला नाव लागतच नाही. देशाच्या एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रमात २००४पासून आठवड्याची तीन पत्रकं भरली जायची. आरोग्यसेवकाचं संशयितांचं, डॉक्टरचं निदानाचं आणि प्रयोगशाळेचं. साथीचा सुगावा लागतो तो कुठे, कधी, कोणत्या वयाचे आणि किती, या चार उत्तरांतून. एका पाड्यावर एका आठवड्यात पाच वर्षांखालच्या सहा मुलांना गोवर निघाला, एवढं जिल्ह्याला कळलं की पथक निघू शकतं. नाव लागतं ते औषध द्यायला आणि संपर्कातली माणसं शोधायला. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर होतं, तेव्हा नावाची वही तिथेच राहावी, वर जावेत ते आकडे. आता २०२१पासून सगळं संगणकीय मंचावर गेलं आहे आणि तिथे नावानिशी नोंद शक्य झाली आहे. वेळ वाचला, हे मान्य. पण जे शक्य आहे ते गोळा करायचंच, हा सरकारी हव्यास इथे रुग्ण पळवून लावतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. निर्वासितांना फुकट उपचार आणि गावच्या माणसाला खोकल्याचं औषध बाहेरून आणा? रोहिंग्या छावण्यांशेजारच्या उखिया-टेकनाफच्या बांगलादेशींनी तो घेतला, मिझोराममध्येही तो आहे, आणि खरा आहे. त्यावर उपाय छावणीचा वेगळा दवाखाना बंद करणं नसून गाव आणि छावणी मिळून एकच आरोग्य केंद्र, तेही दोघांच्या लोकसंख्येला पुरेल एवढ्या माणसांचं आणि औषधांचं, हा आहे. डासाला कुंपण कळत नाही, आणि एकाच ओढ्याचं पाणी दोघंही पितात. पाळत फक्त छावणीवर ठेवली तर गावातली साथ निसटते आणि खापर मात्र छावणीवर फुटतं.

कायद्याच्या अंगाने आपण कुठे आहोत? १८९७चा तोच साथरोग कायदा अजून लागू आहे. २०२०मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी. ती गरजेचीच होती. पण साथीच्या काळात घेतलेली रुग्णाची माहिती पोलिसांना किंवा परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या खात्याला देऊ नये, असं या कायद्यात आजही एक अक्षर नाही. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा इथे कामी येईल असं वाटेल, पण देशाच्या सुरक्षेच्या कारणाने सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद त्यातच आहे, आणि सरहद्दीवर सुरक्षेचं कारण सापडत नाही असा दिवस नसतो.

मात्र भारतीय कायद्याला ही कल्पना परकी नाही. एचआयव्ही आणि एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय, ठरावीक अपवाद आणि न्यायालयाचा आदेश वगळता, त्याची स्थिती उघड करायला मनाई केली आहे आणि नोंदी ठेवणाऱ्या संस्थांवर ती माहिती जपण्याची जबाबदारी टाकली आहे. त्यामागचं कारण व्यवहारी होतं. बदनामीच्या भीतीने लोक तपासणीला येत नव्हते आणि न तपासलेला रुग्ण रोग पसरवत होता. छावणीतल्या माणसाची भीती त्याहून कमी नाही. त्याच्या बाबतीत प्रश्न बदनामीचा नसून ताब्यात घेतलं जाण्याचा, परत ढकललं जाण्याचा आहे. म्हणून २०१७च्या कायद्यातल्या गोपनीयतेच्या तरतुदी साथरोग कायद्यात आणाव्यात. ती दुरुस्ती संसदेत रखडली तर निदान मिझोरामसारख्या राज्याने आपल्या आरोग्य खात्यामार्फत तसा लेखी आदेश काढावा आणि तो मिझो, चिन आणि बर्मी भाषांत प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर लावावा. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.